नऊ पेन्सांचा निवारा
१९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले, तेव्हा तेथील बराकींत सुमारे पावणेदोन लाख सैनिकांचीच सोय होती. वर्षअखेरीपर्यंत मात्र दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक सैन्यात दाखल झाले, आणि त्यांच्यासाठी उभारल्या जाणाऱ्या लाकडी छावण्या हिवाळी पावसामुळे चिखलात अडकल्याने लष्कराला नागरिकांच्या घरांचा आश्रय घ्यावा लागला. सैनिकाच्या अशा मुक्कामाला बिलेट म्हणत आणि त्याचा मोबदला सरकार त्या कुटुंबाला देई. सक्तीच्या मुक्कामाविषयीचा इंग्रजांचा रोष जुना होता: १६२८ च्या ‘पिटिशन ऑफ राइट’मध्ये, म्हणजे संसदेने राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत, त्याचा समावेश होता, आणि पुढे इंग्लंडच्या कायद्याने सैनिकांना सराया व मद्यगृहे यांपुरतेच मर्यादित ठेवले. आणीबाणीत राहत्या घरांत सैनिक ठेवण्याची मुभा १९०९ च्या दुरुस्तीने दिली.

या व्यवस्थेचे खरे यंत्र म्हणजे तिचे दरपत्रक. रात्रीच्या निवाऱ्याला व सरबराईला ९ पेन्स, न्याहारीला साडेसात पेन्स, दुपारच्या गरम जेवणाला १ शिलिंग साडेसात पेन्स आणि रात्रीच्या खाण्याला साडेचार पेन्स, असे दिवसाचे ३ शिलिंग साडेचार पेन्स होत (१२ पेन्सांचा एक शिलिंग). तेव्हाच्या विनिमयदराने ही रक्कम सुमारे अडीच रुपये भरते. न्याहारीत ६ औंस पाव, ४ औंस बेकन व एक पाइंट चहा, तर दुपारी शिजवण्यापूर्वी वजन केलेले एक पौंड मांस द्यावे, इतके हे पत्रक काटेकोर होते. लष्कराचा शिधा स्वतंत्रपणे येत असेल, तर त्याच ९ पेन्सांत मेणबत्ती, मीठ, व्हिनेगर, चुलीचा विस्तव आणि भांडीही पुरवावी लागत. पायदळातील साध्या शिपायाचा रोजचा पगार एक शिलिंग असताना त्याला ठेवून घेणाऱ्या घराला त्याच्या तिपटीहून अधिक रक्कम मिळे, आणि मूल नसलेल्या सैनिकपत्नीला नवऱ्याच्या पगारातील कपातीसह आठवड्याला साडेबारा शिलिंगच मिळत, हे लक्षात घेता गरीब वस्त्यांत या पैशाचे मोल किती होते ते कळते.

घरे ठरवण्याचे काम पोलिसांकडे होते. दारोदार फिरून, खोल्या पाहून ते कोणाकडे किती माणसे द्यायची ते नेमून देत. अडचणी येथूनच सुरू होत. तुकडी गावभर विखुरल्याने तिला एकत्र आणण्यात, कवायत व शिस्त राखण्यात अधिकाऱ्यांचा वेळ जाई, आणि पाहुणे मुलांच्या बिछान्यावर निजले तरी दर मोठ्या हवेलीला व दोन खोल्यांच्या घराला एकच राही. पावाचे वजन औंसांत मोजणाऱ्या या पत्रकाने पाणी तापवणे, चिखलाने माखलेली खोली पुसणे, पहाटे उठून चूल पेटवणे हे घरातील स्त्रीचे सारे कष्ट मात्र त्या ९ पेन्सांच्या ‘सरबराई’त छपरासोबतच कोंबले, आणि हा या योजनेतील सर्वांत मोठा अन्याय होय. पुढे अनेक गावांत जेवणासह दर आठवड्याला साडेसतरा शिलिंगांवर आणला गेला. ते काम मात्र कमी झाले नाही.