‘शार्क टँक’मधील हिश्शाचे गणित

रिअ‍ॅलिटी शो म्हटले की भांडणे, अश्रू आणि प्रेक्षकांची मते हेच चित्र डोळ्यांसमोर येते. ‘शार्क टँक इंडिया’ मात्र त्याला अपवाद ठरला. २००१ साली जपानी दूरचित्रवाणीवर अवतरलेली ही कल्पना ब्रिटनमध्ये २००५ साली ‘ड्रॅगन्स डेन’, तर अमेरिकेत २००९ साली ‘शार्क टँक’ या नावाने रुजली. भारतात ती डिसेंबर २०२१मध्ये ‘सोनी’वर आली. ‘सोनी लिव्ह’वर ती घरबसल्या पाहता येते.

कार्यक्रमाचे सूत्र सोपे आहे. नवउद्योजक भांडवल मागतो आणि त्या बदल्यात कंपनीतील हिस्सा देऊ करतो. या दोन आकड्यांतूनच कंपनीचे मूल्य ठरते. पहिल्या पर्वात मालेगावच्या एका शेतकरीपुत्राने फवारणीची हातगाडी सादर केली. त्याने १० टक्के हिश्शासाठी ३० लाख रुपये मागितले. म्हणजे मूल्य तीन कोटी. व्यवहार ठरला तो ४० टक्क्यांसाठी १० लाख आणि २० लाखांचे बिनव्याजी कर्ज असा. रक्कम तीच राहिली. मूल्य मात्र २५ लाखांवर आले आणि कर्जफेडीची जबाबदारीही आली.

पडद्यावरील हस्तांदोलन म्हणजे अंतिम करार नव्हे. त्यानंतर हिशेब, देणी आणि कागदपत्रे तपासली जातात. या छाननीत अटी बदलतात, काही सौदे फिसकटतातही. त्यामुळे उद्योगाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी टाळ्यांपेक्षा आकड्यांकडे लक्ष द्यावे. आपल्या कंपनीचा किती हिस्सा सोडायचा, याचा निर्णय भांडवल मागण्याआधीच झालेला बरा.