दुसऱ्यांनी लिहिलेले क्लास

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवताना एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम हे शब्द घोकून घेतले जातात आणि मग विद्यार्थी ‘स्टुडंट’ नाहीतर ‘अकाउंट’ नावाचा स्वतःचा क्लास लिहितो. नोकरीला लागल्यावर मात्र त्याचा दिवस जातो तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या क्लासमध्ये. तारीख, यादी, फाइल, डेटाबेसचं कनेक्शन, लॉग, यातलं काहीच त्याने लिहिलेलं नसतं. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचा जवळपास साठ वर्षांचा इतिहास नेहमी भाषांचा इतिहास म्हणून सांगतात. मला तो वापरणाऱ्यांच्या बाजूने सांगावासा वाटतो, कारण खरी गुंतागुंत तिथेच झाली. दुसऱ्याचा क्लास घेतला की त्याचे निर्णय आपल्या गळ्यात पडतात, हे लोकांना तसं लवकर कळलं. आपण वापरतो म्हणून लिहिणाऱ्याचेही हात बांधले जातात, हे उमगायला फार वर्षं लागली.

सुरुवात ऑस्लोमधली. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी रांगा, वाहतूक, कारखान्यातलं काम यांची नक्कल संगणकावर करता यावी म्हणून भाषा घडवली. १९६७च्या ‘सिम्युला ६७’मध्ये क्लास आला, आणि त्याच्यासोबत तयार क्लासही आले. ‘सिमसेट’मध्ये याद्यांची सोय होती, ‘सिम्युलेशन’मध्ये वेळेनुसार चालणाऱ्या प्रक्रियांची. आपल्या गिऱ्हाइकाला रांगेत उभं करायचं, तर त्याच्या क्लासच्या नावाआधी ‘लिंक’ हे नाव लिहायचं. तेवढ्याने तो रांगेत शिरण्यालायक व्हायचा. म्हणजे दुसऱ्याचा क्लास वापरण्याची पहिली ठळक रीत त्याचा वारस होण्याची होती. ही सवय पुढे तीस वर्षं सुटली नाही. डाल आणि नीगार्ड यांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि २००२च्या उन्हाळ्यात दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

कॅलिफोर्नियात झेरॉक्स पार्कमध्ये अॅलन के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने स्मॉलटॉक केलं. त्यात वापरण्याचा अर्थ वाचणं असा होता. संपूर्ण प्रणालीचे क्लास, त्यांच्या सोर्सकोडसकट, एका ब्राउझरच्या खिडकीत समोर असायचे. एखादी मेथड कोण लिहितं आणि कोण बोलावतं, दोन्ही लगेच विचारता यायचं. दुसऱ्याच्या कोडशी इतकी उघडी ओळख करून देणारं वातावरण मी नंतर क्वचित पाहिलं.

ब्रॅड कॉक्स यांनी विचार उलट दिशेने केला. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आयसी उघडून बघत नाही, कॅटलॉगमधून निवडतो आणि बोर्डावर बसवतो. सॉफ्टवेअरचंही तसंच व्हावं म्हणून त्यांनी ऐंशीच्या दशकात टॉम लव्ह यांच्यासोबत ऑब्जेक्टिव्ह-सी घडवली आणि ‘सॉफ्टवेअर आयसी’ ही कल्पना मांडली. ‘आयसीपॅक १०१’ या नावाने त्यांच्या कंपनीने क्लास खरोखर विकायला काढले. क्लासचा बाजार उभा राहील आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक वापरामागे मोबदला मिळेल, असं कॉक्स यांना वाटत होतं. बाजार उभा राहिला, कॉक्स यांच्या कल्पनेपेक्षा अफाट मोठा. मोबदल्याचा भाग तेवढा राहून गेला, आणि त्याची किंमत २०२१ साली दिसली. त्याकडे येतोच.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे, पुण्या-मुंबईच्या आणि नागपूरच्या कॉलेजांत, टर्बो सी++ची निळी खिडकी होती आणि नागपूरच्याच यशवंत कानेटकरांची पुस्तकं होती. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट हाताने लिहायची, सबमिशनला सही घ्यायची, व्हायव्हाला डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल का असतो ते सांगायचं. टर्बो सी++बरोबर बोरलँडचे तयार कंटेनर क्लास येत, पण ती डिरेक्टरी फारसं कुणी उघडत नसे. अॅलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी १९९४मध्ये सी++च्या मसुद्यात स्वीकारली गेली आणि १९९८च्या स्टँडर्डमधून सगळ्यांपर्यंत पोहोचली. आपल्या कितीतरी लॅबमध्ये मात्र त्यानंतरही बरीच वर्षं त्याआधीचाच कंपायलर चालू राहिला. तिथल्या विद्यार्थ्याला ‘व्हेक्टर’ भेटलाच नाही. हाताने लिंक्ड लिस्ट लिहिण्याला मी नावं ठेवणार नाही. पॉइंटर कसा तुटतो हे ज्याने पाहिलंय, तो तयार यादीही जपून वापरतो. खंत एवढीच, की दुसऱ्याचा क्लास समोर ठेवून ‘हा वाच आणि काय हमी देतो ते सांग’ असं त्या व्हायव्हात कुणी विचारत नव्हतं.

हमीचा प्रश्न पहिल्यांदा अंगावर आला तो मायक्रोसॉफ्टच्या एमएफसीमुळे. १९९२ साली आलेल्या या लायब्ररीत डायलॉग हवा असेल तर ‘सीडायलॉग’ची संतती काढायची आणि ‘ऑनइनिटडायलॉग’ ही मेथड आपल्या परीने पुन्हा लिहायची. त्यात मूळ क्लासच्या त्याच नावाच्या मेथडला आधी हाक मारायची. हे कंपायलर तपासत नसे. हाक विसरली तर प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल व्हायचा आणि खिडकीतले कंट्रोल आपल्या व्हेरिएबलना जोडलेच जायचे नाहीत. एमएफसीचा सोर्स सीडीवर असायचा, म्हणून डीबगरने आत उतरून कारण सापडायचं. नंतर कुणाचाही क्लास हातात घेताना मी पहिल्यांदा हेच शोधत आलो: लिहिणाऱ्याने न सांगता काय गृहीत धरलंय?

मग जावा आली. १९९६च्या जानेवारीत जेडीके १.० बाहेर पडलं आणि पहिल्यांदाच भाषेइतकीच तिची लायब्ररी महत्त्वाची ठरली. तिच्यातला ‘डेट’ हा क्लास या सगळ्या इतिहासाचा उत्तम साक्षीदार आहे. ३१ डिसेंबर १९९९ ही तारीख करायची तर त्याला ९९, ११, ३१ असे आकडे द्यावे लागत. वर्ष १९००पासून मोजलेलं, महिना शून्यापासून, दिवस मात्र एकपासून. हा विक्षिप्तपणा जावाचा नव्हता. युनिक्सवरच्या सी भाषेत वेळेचं जे स्ट्रक्चर होतं, त्यातली मोजणी तशीच उचलली होती. जावाकडून ती ब्रेंडन आइक यांच्या जावास्क्रिप्टमध्ये गेली. २००० साल उजाडलं तेव्हा कितीतरी वेबपानांवर ‘१९१००’ असं वर्ष झळकलं, कारण १००च्या आधी कुणीतरी विश्वासाने ‘१९’ चिकटवलं होतं. युनिक्सच्या काळात घेतलेला एक निर्णय तीन भाषा पार करून ब्राउझरमध्ये पोहोचला होता, आणि जावास्क्रिप्टच्या ‘डेट’मध्ये जानेवारी आजही शून्यच आहे.

जावाच्या लोकांना चूक लवकर कळली. १९९७च्या जेडीके १.१मध्येच ‘डेट’च्या बऱ्याच मेथड डेप्रिकेटेड ठरवल्या गेल्या आणि ‘कॅलेंडर’ आला. त्यातही महिने शून्यापासूनच. धड उत्तर मिळालं ते बाहेरून. स्टीफन कोलबर्न यांनी ‘जोडा-टाइम’ लिहिली, लोकांनी ती भरभरून वापरली आणि त्या अनुभवावर २०१४च्या जावा ८मध्ये तारखांची नवी लायब्ररी बसली. जानेवारी अखेर एक झाला. पण जुना ‘डेट’ काढता आला नाही. त्याच्या डेप्रिकेटेड मेथडही अजून चालतात, कारण कुठल्या तरी बँकेचा, कुठल्या तरी विमा कंपनीचा कोड त्यांच्यावर उभा आहे. लिहिणाऱ्याचे हात बांधले जातात म्हणतो, ते हेच.

त्याच पहिल्या लायब्ररीत ‘स्टॅक’ हा ‘व्हेक्टर’चा वारस केला होता. स्टॅकमध्ये वरूनच ठेवायचं आणि वरूनच काढायचं असतं, पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथडमुळे मध्येच घुसडणंही शक्य झालं. सिम्युलाची सवय अशी उलटली. वारसा घेतला की नको असलेलंही येतं. १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने वारस होण्याऐवजी तो ऑब्जेक्ट आपल्याजवळ ठेवून त्याच्याकडून काम करून घ्यावं, असा आग्रह धरला होता. मला तो आग्रह नीट पटला जोशुआ ब्लॉक यांच्या २००१च्या ‘इफेक्टिव्ह जावा’मधल्या उदाहरणाने.

उदाहरण असं. ‘हॅशसेट’मध्ये आजवर किती वस्तू घातल्या हे मोजायचं आहे. आपण त्याचा वारस लिहितो. ‘अॅड’मध्ये मोजणी एकने वाढवतो, ‘अॅडऑल’मध्ये जितक्या आल्या तितक्याने वाढवतो आणि पुढचं काम मूळ क्लासकडे सोपवतो. तीन वस्तू एकदम घातल्या तर मोजणी सांगते सहा. कारण मूळ ‘अॅडऑल’ आतल्या आत एकेका वस्तूसाठी ‘अॅड’लाच बोलावतो, आणि तो ‘अॅड’ आता आपला आहे. आपल्या कोडमध्ये चूक दाखवता येत नाही, हॅशसेटमध्येही नाही. दोष दोघांमधल्या न लिहिलेल्या समजुतीत आहे. बरं, आतली रचना ओळखून आपण ‘अॅडऑल’मधली मोजणी काढून टाकली, तर उद्या हॅशसेट लिहिणाऱ्याने वेगासाठी ती रचना बदलली की आपलं गणित पुन्हा कोसळणार. ऑब्जेक्ट जवळ ठेवला तर हा प्रश्नच येत नाही, त्याने आत काहीही करावं.

पुढच्या भाषांनी दारं लावायला घेतली. सी शार्पमध्ये ‘व्हर्च्युअल’ लिहिल्याशिवाय मेथड बदलता येत नाही. कोटलिनमध्ये ‘ओपन’ म्हटल्याशिवाय क्लासचा वारसच होता येत नाही. यामुळे स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कची पंचाईत झाली, कारण ती आपल्या क्लासचे वारस पडद्याआड तयार करून चालतात. शेवटी कोटलिनने असे क्लास आपोआप उघडे करणारं प्लगइन दिलं. मला तरी बंद दारच योग्य वाटतं. वारस होऊ देणं हे वचन आहे, ते विचार करून द्यावं.

पण तोवर प्रश्नाचं स्वरूप बदललं होतं. २००४-०५च्या सुमारास मेवन हे जावाचं बिल्ड टूल रुळलं आणि जार फाइल हाताने शोधून फोल्डरमध्ये टाकण्याचे दिवस सरले. एका एक्सएमएल फाइलमध्ये पाच-दहा नावं लिहायची, त्यांना लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी आपोआप उतरतात. सोय मोठी होती, आजही आहे. फक्त आपण कुणाचे क्लास चालवतोय हे आपल्यालाच माहीत नसण्याची वेळ आली.

डिसेंबर २०२१मध्ये हे अज्ञान उघडं पडलं. ‘लॉग४जे’ ही अपाचीची लॉग लिहिणारी लायब्ररी. तिच्याकडे आलेल्या मजकुरात ठरावीक खुणांमध्ये जेएनडीआयचा (नावावरून ऑब्जेक्ट शोधून आणण्याच्या जावाच्या सोयीचा) पत्ता असला, तर ती त्या पत्त्यावर जाऊन तिथून ऑब्जेक्ट मागवायची. हल्लेखोराने लॉगिनच्या खान्यात नावाऐवजी तो मजकूर टाकायचा, सर्व्हरने ‘लॉगिन फसलं’ अशी साधी नोंद करायची, आणि त्या नोंदीपायी हल्लेखोराने लिहिलेला क्लास सर्व्हरवर येऊन चालायचा. धोक्याच्या मोजपट्टीवर याला दहापैकी दहा मिळाले. ज्यांना लगेच नवी आवृत्ती बसवता येत नव्हती, त्यांच्यासाठी एक तातडीचा उपाय होता: जार फाइल उघडून तिच्यातला ‘जेएनडीआयलुकअप’ नावाचा एकच क्लास पुसून टाकायचा. अवघड होतं ते मशीन शोधणं. लॉग४जे कुठे आहे हे विचारल्यावर कितीतरी टीमनी ‘आम्ही वापरत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगितलं. ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात होती.

ही सोय २०१३मध्ये एका वापरकर्त्याच्या मागणीवरून आत आली होती. लॉग४जे सांभाळणारी मंडळी बहुतेक आपली नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करत होती. नको वाटणाऱ्या जुन्या सोयी कुणाचं तरी चालू काम मोडेल म्हणून ठेवाव्या लागल्या, असं त्यांच्यातल्या एकाने तेव्हाच जाहीरपणे म्हटलं. त्या महिन्यात त्यांनी एकामागून एक दुरुस्त्या दिल्या: २.१५, २.१६, २.१७, २.१७.१. जगभरातून शिव्याही त्यांनाच बसल्या. त्यांच्या क्लासवर वर्षानुवर्षं धंदा चालवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याआधी त्यांना एक दमडी किंवा एक दुरुस्ती तरी पाठवली असेल? हा प्रश्न मला अजून छळतो. ते डिसेंबरची थंडी अंगावर घेऊन रात्री जागत होते, आणि ज्या ‘मागची सुसंगती’ या वचनासाठी जागत होते, ते आपण सगळ्यांनी त्यांच्याकडून फुकट घेतलं होतं.