आधी परतीची गाडी, मग धबधबा
रत्नागिरी परिसरातील धबधब्यांची एका दिवसाची स्वस्त सहल, एसटी आणि पॅसेंजरच्या भरवशावर

आषाढ लागला की रत्नागिरीच्या आसपासचे कडे वाहू लागतात. महामार्गाच्या कडेला, रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी, देवळाच्या पायऱ्यांलगत, जिथे पाहावे तिथे पाणी कोसळताना दिसते. हे सारे पाहायला स्वतःची मोटार हवीच, असा शहरी माणसाचा समज असतो. वास्तविक जिल्ह्यातील बहुतेक प्रसिद्ध धबधब्यांपर्यंत किंवा त्यांच्या अगदी जवळ एसटी अथवा रेल्वे जाते. सुट्टीत रत्नागिरीला उतरलेल्या पर्यटकाला किंवा गणपतीसाठी गावी आलेल्या चाकरमान्याला काही शे रुपयांत दिवसभराची सहल सहज करता येते. अडचण पैशाची नाही, अंतराचीही नाही. अडचण असते ती परत येण्याची.

सड्याचे पाणी आणि सह्याद्रीचे पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे पाणी समुद्राकडे धावताना दोन ठिकाणी कोसळते. पहिले ठिकाण म्हणजे सह्याद्रीचा पश्चिमेकडील उभा कडा. दुसरे म्हणजे किनारा आणि सह्याद्री यांच्या मधोमध पसरलेले जांभ्या दगडाचे सपाट पठार. कोकणात त्याला ‘सडा’ म्हणतात. वहाळ आणि नद्यांनी हा सडा जागोजागी कापून काढला आहे. सड्याची कड जिथे तुटते, तिथे पावसाळी धबधबा तयार होतो.

सहल ठरवताना हा फरक उपयोगी पडतो. जांभा सच्छिद्र असल्याने पहिले पाऊस तो पिऊन टाकतो. म्हणून जूनच्या आरंभी सड्यावरचे धबधबे रोडावलेले दिसतात. पुढे जमीन तुडुंब भरली की पडणारे पाणी जवळजवळ सगळेच वाहून येते. या वहाळांचे पाणलोट क्षेत्र लहान असल्याने जोराची सर आली की प्रवाह झपाट्याने फुगतो आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर ओसरतो. सह्याद्रीच्या कुशीतील धबधब्यांना मात्र वरच्या डोंगररांगांतून झिरपणारे पाणी मिळत राहते, त्यामुळे ते अधिक काळ टिकतात. श्रावण ते भाद्रपद हा काळ दोन्ही प्रकारांसाठी चांगला. आषाढात पाण्याचा जोर मोठा असतो, तसाच धोकाही.

कोठे जावे?

निवळी : मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे, रत्नागिरीपासून सुमारे वीस किलोमीटरवर निवळी आहे. महामार्गाच्या कडेवरून दरीत कोसळणारा धबधबा दिसतो. रत्नागिरीहून संगमेश्वर, चिपळूणकडे जाणाऱ्या साध्या गाड्या याच वाटेने जातात. मात्र गाडीवर ‘विनावाहक-विनाथांबा’ अशी पाटी असेल तर ती मधे कोठेही थांबणार नाही, हे चढण्यापूर्वीच पाहावे. अर्ध्या दिवसात उरकणारी ही सर्वांत सोपी सहल. महामार्ग ओलांडताना आणि कडेला उभे राहताना भरधाव वाहनांचे भान मात्र ठेवावे लागते.

उक्षीचा रानपाट : कोकण रेल्वेने रत्नागिरीहून मुंबईच्या दिशेला निघाले की भोके स्थानकानंतर साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा लागतो आणि त्यापुढे उक्षी स्थानक येते. या परिसरातील रानपाट धबधबा धावत्या गाडीतूनही दिसतो. तो नीट पाहायचा तर उक्षीला थांबणारी पॅसेंजर धरावी लागते. स्थानकापासून पायी जाता येते, परंतु रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे आणि बोगद्याजवळ तर ते जिवावर बेतणारे आहे. पावसाच्या आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. गावातून जाणारी पायवाट विचारून घ्यावी. याच उक्षीच्या सड्यावर हत्तीचे मोठे कातळशिल्प आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील ज्या कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांत उक्षीचेही नाव आहे.

मार्लेश्वर : संगमेश्वर तालुक्यात, मारळ गावाच्या पुढे सह्याद्रीच्या कुशीत हे शिवस्थान आहे. गुहेतील मंदिरापर्यंत चार-पाचशे पायऱ्या चढाव्या लागतात. समोर धारेश्वर धबधबा सह्याद्रीच्या कड्यावरून खाली झेपावतो. मकर संक्रांतीला येथे मार्लेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांच्या विवाहसोहळ्याची मोठी यात्रा भरते. धबधब्याचे खरे रूप मात्र पावसाळ्यातच दिसते. रत्नागिरीहून देवरूख आणि देवरूखहून मार्लेश्वर असा दोन टप्प्यांचा प्रवास आहे. देवरूख हे तालुक्याचे मुख्यालय असून तेथे एसटीचे आगार आहे. यासाठी पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

सवतसडा आणि धूतपापेश्वर : चिपळूणजवळ परशुराम घाटाच्या पायथ्याशी महामार्गालगत सवतसडा आहे. दोन सवतींच्या कथेवरून त्याला हे नाव पडल्याचे सांगतात. रत्नागिरीहून चिपळूण सुमारे नव्वद किलोमीटर असल्याने पहाटेच निघावे लागते. दक्षिणेला राजापूर शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर धूतपापेश्वराचे प्राचीन मंदिर असून त्याच्यासमोरच मृडानी नदीचा धबधबा आहे. राजापूर बसस्थानकावर उतरून रिक्षाने किंवा पायी जाता येते.

वेळापत्रक कोणासाठी असते?

शहरातील लोकल किंवा सिटी बस दर काही मिनिटांनी येते. एक चुकली तर दुसरी मिळते. खेड्यातील एसटीचा हिशेब वेगळा आहे. तिच्या फेऱ्या पर्यटकांसाठी आखलेल्या नसतात. सकाळी मुलांना शाळेत पोहोचवणे, गावकऱ्यांना तालुक्याच्या बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला नेणे आणि संध्याकाळी परत आणणे, ही तिची कामे. म्हणजे सकाळी गर्दी गावाकडून शहराकडे जाते, संध्याकाळी शहराकडून गावाकडे. पर्यटकाचा प्रवास नेमका याच्या उलट असतो.

या उलट दिशेमुळे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली रविवारची. शाळांना सुट्टी असली की विद्यार्थ्यांसाठीच्या अनेक फेऱ्या धावत नाहीत. शहराच्या सुट्टीचा दिवस हाच खेड्यातील गाड्या कमी असण्याचा दिवस असतो. शक्य असेल त्यांनी आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा. गाड्याही जास्त मिळतात आणि धबधब्यावर गर्दीही कमी असते.

दुसरी फसगत वस्तीच्या गाडीची. संध्याकाळी गावात येणारी शेवटची गाडी अनेकदा तेथेच मुक्काम करते आणि पहाटे पुन्हा तालुक्याला जाते. सहा-साडेसहाला गाडी येताना दिसली म्हणून ती परत जाईलच, असे गृहीत धरता येत नाही. उतरताना वाहकाला ‘परतीची शेवटची गाडी कोणती?’ एवढे विचारले तर पुढचा अनर्थ टळतो.

तिसरी अडचण मुसळधार पावसाची. हवामान खात्याचा ‘रेड अलर्ट’ म्हणजे चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाची शक्यता. अशा दिवशी जिल्हाधिकारी बहुधा शाळांना सुट्टी जाहीर करतात. मग शाळेच्या फेऱ्याही थांबतात. शिवाय मोरीवरून किंवा फरशीवरून पाणी जाऊ लागले की एसटी पुढे जात नाही. ज्या दिवशी धबधबा सर्वांत मोठा, त्याच दिवशी परतीची खात्री सर्वांत कमी असते.

रेल्वेचेही असेच आहे. कोकण रेल्वेचा मार्ग अजूनही बहुतांशी एकेरी आहे, त्यामुळे एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी पॅसेंजर थांबवून ठेवली जाते. पावसाळ्यात गाड्यांचा वेग मर्यादित ठेवला जातो आणि त्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक लागू होते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर या काळासाठी होते. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली वेळ जुलैत उपयोगाची नसते.

दिवस उलटा मोजावा

म्हणूनच सहलीची आखणी निघण्याच्या वेळेपासून करू नये. ती परतीच्या वेळेपासून करावी. मार्लेश्वरचे उदाहरण घेता येईल. आधी देवरूखहून रत्नागिरीला येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी आणि आपण येणार ती त्याआधीच्या गाडीने, असे ठरवावे. शेवटची गाडी केवळ राखीव. त्या गाडीला जोडून देणारी मार्लेश्वरहून निघणारी फेरी कोणती, ते पाहावे. त्यातून पायऱ्या उतरण्याचा वेळ वजा करावा. उरतो तो धबधब्याजवळचा वेळ. तो दोन तासांहून कमी निघत असेल तर सकाळची आणखी लवकरची गाडी धरावी किंवा त्या दिवशी निवळीसारखे जवळचे ठिकाण निवडावे.

ही चौकशी आदल्या दिवशी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर करावी. रत्नागिरीत गाडी मध्यवर्ती बसस्थानकातून सुटते की राहाटाघर स्थानकातून, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. देवरूख-मार्लेश्वरसारख्या स्थानिक फेऱ्यांची खरी माहिती देवरूखच्या बसस्थानकावरच मिळते. रत्नागिरीचे रेल्वे स्थानक शहराबाहेर कुवारबावला आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी तेथपर्यंतच्या रिक्षाचाही हिशेब धरावा. साध्या पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपये आहे, त्यामुळे उक्षीच्या सहलीत रेल्वेच्या तिकिटापेक्षा रिक्षाच महाग पडते. शहरातून स्थानकाकडे जाणारी एसटी गाठली तर तोही खर्च वाचतो.

खर्च किती?

एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर आकारले जाते. २५ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या १४.९५ टक्के दरवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे सुमारे १० रुपये पडू लागले. रत्नागिरी ते देवरूख दहा टप्पे आणि पुढे मार्लेश्वरपर्यंत तीन टप्पे धरले, तर जाऊन-येऊन एका प्रौढाला सुमारे २६० रुपये लागतात.

सवलतींमुळे हा आकडा आणखी खाली येतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या एसटी गाड्यांत अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट लागते. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. पती, पत्नी, आठ वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी अशा चौघांचे मार्लेश्वरचे येणे-जाणे वरील हिशेबाने सुमारे ६५० रुपयांत होते. खासगी मोटारीचे दिवसाचे भाडे याच्या कित्येक पट असते. डबा घरून नेला तर वरखर्च चहापुरताच उरतो.

या स्वस्ताईची एक बाजू प्रवाशाने ध्यानात ठेवावी. संध्याकाळच्या गाडीत दप्तरे सांभाळत उभी असलेली मुले आणि बाजारहाट करून निघालेल्या वृद्धा यांच्यासाठी ती गाडी ही चैन नाही, गरज आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून पुढील एप्रिलपर्यंत लांबलेल्या एसटी संपात ग्रामीण भागाने याचा अनुभव घेतला. सहलीच्या मोठ्या गटाने अशी एकमेव गाडी भरून टाकू नये. कोरडे कपडे बदलूनच चढावे. परतीसाठी दुपारची गाडी निवडली तर गर्दीही टळते आणि राखीव गाडीही हाती राहते.

पाणी कधी सोडावे?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा दुर्घटनांत पाणी अचानक वाढले, असे म्हटले जाते. ते अचानक वाटते, कारण पाऊस वर पडत असतो आणि माणसे खाली उभी असतात. खाली ऊन असले तरी सड्यावर किंवा डोंगरमाथ्यावर सर कोसळत असू शकते.

पाणी वाढण्यापूर्वी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागते, पाला आणि काटक्या वाहून येतात, आवाज घनगंभीर होतो, मघाशी दिसणारा खडक बुडतो. यांपैकी एकही खूण दिसली की छायाचित्र काढत न बसता लगेच काठावर, उंच जागी यावे. प्रवाहाच्या मधल्या खडकावर मुळीच बसू नये, कारण दोन्ही बाजूंचे पाणी वाढले की परतीचा रस्ताच तुटतो. धबधब्याच्या थेट खाली उभे राहणेही टाळावे, वरून दगड येऊ शकतात. स्थानिक माणूस ‘आज उतरू नका’ म्हणाला तर वाद घालू नये. प्रशासनाने मनाई आदेश काढला असेल तर सहलच पुढे ढकलावी.

घाई हेही अपघाताचे एक मोठे कारण असते. गाडी चुकेल या भीतीने शेवाळलेल्या पायऱ्यांवरून धावणारी माणसे घसरतात. ज्याने दिवस उलटा मोजला आहे, त्याला धावावे लागत नाही. तो अर्धा तास आधीच थांब्यावर येऊन बसतो आणि पाऊस वाढला तर आधीची गाडी धरून निघतो. धबधबा पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो, दहा-पंधरा टप्प्यांच्या तिकिटाच्या अंतरावर.