लोहमापन, रक्तातील

शरीरातील लोहाची न्यूनता किंवा अतिरिक्त साठा ओळखण्यासाठी रक्ताच्या नमुन्यावर ज्या रासायनिक परीक्षा करतात त्यांना ‘लोहमापन’ म्हणता येईल. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सु. ३ ते ४ ग्रॅ. लोह असते. त्यापैकी सु. दोन-तृतीयांश तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिनात सामावलेले असून उरलेले बव्हंशी यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत साठविलेले असते. ट्रान्सफेरीन या वाहक प्रथिनाशी निगडित होऊन रक्तद्रवातून (रक्तातील द्रव भागातून) फिरणारे लोह कोणत्याही क्षणी केवळ ३ ते ४ मिग्रॅ. भरते, मात्र दिवसभरात त्यातून २० ते २५ मिग्रॅ. लोहाची ने-आण होते. एवढ्या अल्प व सतत पालटणाऱ्या अंशाचे मापन करावयाचे असल्याने नमुना केव्हा व कोणत्या स्थितीत घेतला यास फार महत्त्व येते.

रक्तरसातील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या निवळ द्रवातील) लोहाचे प्रमाण निरोगी प्रौढांत दर १०० मिलि.मध्ये सामान्यतः ६० ते १७० मायक्रोग्रॅम असते. ते बहुधा सकाळी अधिक व सायंकाळी कमी आढळते. म्हणून नमुना सकाळी, रात्रभर काही न खाता देण्याचा प्रघात आहे. पाणी पिण्यास हरकत नसते. सकाळचा चहा चालतो, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ आढळते; परंतु दूध-साखरेचा चहा हाही आहारच होय.

आहारापेक्षा लोहाच्या गोळीमुळे होणारी दिशाभूल अधिक गंभीर असते. गोळी घेतल्यावर काही तास रक्तरसातील लोह वाढते व साठे रिकामे असलेल्या व्यक्तीचाही आकडा प्राकृत दिसू शकतो; मग खरा पांडुरोग [⟶ पांडुरोग] उपचाराविना राहतो. भारतात १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे, तसेच २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेतून गर्भवती स्त्रियांना लोह व फॉलिक अम्ल यांच्या गोळ्या दिल्या जातात. या मोहिमेत किशोरवयीन मुलामुलींचाही समावेश आहे. त्यामुळे येथे हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. वैद्याच्या संमतीने परीक्षेपूर्वी निदान २४ तास गोळी बंद ठेवतात. ‘शक्तीच्या’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या मिश्र जीवनसत्त्वांच्या गोळ्यांतही पुष्कळदा लोह असते, हे रुग्णाच्या ध्यानात येत नाही. शिरेतून लोह दिले असल्यास फेरिटीन कित्येक आठवडे वाढलेले राहते. अशा वेळी परीक्षा ४ ते ८ आठवडे लांबणीवर टाकणे इष्ट. अलीकडे रक्त भरले असल्यास तेही सांगावे.

फेरिटीन हे साठ्याचे निदर्शक प्रथिन असून त्याच्या मापनासाठी उपाशी राहणे आवश्यक नसते. निरोगी प्रौढात ते दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहन्यूनता निश्चित मानतात. तथापि ज्वर, संक्रामण, सांध्यांचा शोथ (दाहयुक्त सूज) व यकृताचे विकार यांत फेरिटीन वाढते. उलट यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडीन या हॉर्मोनाच्या वाढीमुळे लोह साठ्यांत अडकून पडते व रक्तरसातील आकडा घटतो. यावर रुग्णाला कोणतीही पूर्वतयारी करता येत नाही. आजाराची माहिती देणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात संक्रामण किंवा शोथ असलेल्या प्रौढांसाठी ७० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. केसांसाठी मोठ्या मात्रेत घेतलेले बायोटीन काही मापनपद्धतींत फेरिटीन खोटेच कमी दाखविते.

हीमोग्लोबिन कमी, तांबड्या कोशिका लहान, पण फेरिटीन पुरेसे, असे आढळल्यास थॅलॅसिमियाच्या वाहकतेचा विचार करावा लागतो. अशा व्यक्तीला लोह देत राहिल्याने लाभ होत नाही.