बिल आलं नाही, म्हणून काय झालं?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. लेकीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. दुपारी वायरमन दारात उभा. "वहिनी, तीन महिन्यांचं बिल थकलंय. लाईट तोडायला सांगितलंय."

"अहो, पण आम्हाला बिलच आलं नाही!"

तो बिचारा काय करणार? वायर काढून निघून गेला. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

तशीच पर्स उचलून वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. क्लार्कने मान वर न करताच विचारलं, "बिल आलं नाही, पण वीज तर येत होती ना?"

मी गप्प. दूधवाल्याने हिशोबाचा कागद दिला नाही, म्हणून दूध फुकट होतं का? बिल येत नाहीये हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं हे भरत असतील, आणि यांना वाटलं मी बघतेय!

मग बिलं गेली कुठे? मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन दोन वर्षं झाली, आणि मेसेज त्यांच्याच बंद पडलेल्या नंबरवर जात होते. कागदी बिलं सापडली शेजारच्या कुलूपबंद बंगल्याच्या फाटकाआड, भिजून लगदा झालेली.

दंडासकट सगळे पैसे भरले. लाईट आली रात्री नऊला. तोवर लेक मेणबत्तीपाशी भूमिती करत बसली होती. तिच्याकडे बघवेना.

वकील असलेल्या मामांना फोन केला, तेव्हा दुसरी बाजू कळली. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५६प्रमाणे बिल थकलं, तरी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असेल, तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी ती भरायची. मग वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. आम्हाला नोटीस कुठे मिळाली होती? दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला आणि पोच घेतली. उत्तर अजून यायचंय. पण चूक त्यांचीही होती, हे कागदावर तरी आलं.

मैत्रिणींनो, आता मी एवढंच करते. बिल कोणत्या तारखेला येतं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. ती तारीख उलटली, की जुनं बिल घेऊन ऑफिस गाठते. मोबाइल नंबर बदलून माझा दिलाय, मीटर नावावर करायचा अर्जही केलाय.

तुमच्या घरचं बिल कुणाच्या नावावर आहे आणि मेसेज कुणाच्या फोनवर येतो? आज संध्याकाळी एकदा बघाच.