श्वास उसना घ्यावा लागतो तेव्हा

“रोग्याला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागेल,” असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्या माणसांचा धीर सुटतो. आता सारे संपले, अशीच बहुतेकांची समजूत होते. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीत हा शब्द घरोघरी पोहोचला आणि त्याबरोबर त्याची भीतीही. ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हे यंत्र काय करते व काय करू शकत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला रोग्याच्या उशाशी बसणे थोडे सुसह्य होईल. त्यासाठी वाचकांनी आमच्याबरोबर १९५२ सालच्या कोपनहेगनला यावे.

त्या वर्षी डेन्मार्कच्या या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओने हातपाय लुळे पडतात हे आपण जाणतोच. पण तो छातीच्या व घशाच्या स्नायूंवरही आघात करतो आणि मग माणूस गुदमरू लागतो. अशा रोग्याला त्या काळी ‘लोहफुप्फुसा’त निजवीत. डोके तेवढे बाहेर, बाकी देह पोलादी पिंपात. पिंपातील हवा उपसली की छाती फुगे व श्वास आपोआप आत येई. ब्लेगडॅम रुग्णालयात असे यंत्र होते अवघे एक, आणि छातीवर बसवावयाची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले.

मुख्य डॉक्टर लासेन यांनी अखेर ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाचा सल्ला घेतला. रोग्यांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेले आढळे आणि तो रोगाचाच काही गूढ परिणाम असावा, असे मानले जाई. इब्सेन यांनी निराळा अर्थ लावला. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत आहे, म्हणजेच या लोकांना पुरेसा श्वासच मिळत नाही! २७ ऑगस्ट रोजी त्यांनी मरणोन्मुख अशा एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली. प्रारंभी तिची अवस्था अधिकच बिघडली. पाहावयास जमलेले डॉक्टर निघूनही गेले. इब्सेन यांनी औषध देऊन तिला निद्रिस्त केले, तिची धडपड थांबली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून प्राणवायू आत लोटता येऊ लागला. मुलगी वाचली.

आता प्रश्न आला हातांचा. यंत्रे नव्हती; तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी बोलाविले गेले. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, कित्येक महिने, अहोरात्र त्या पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तर रोग्यांचा श्वास असा दुसऱ्यांच्या मुठीत होता. मुलांना गोष्टी वाचून दाखविण्याचे कामही हेच विद्यार्थी करीत. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

पुढे हातांची जागा यंत्राने घेतली, तत्त्व मात्र तेच राहिले. लक्षात घ्यावे ते हे की, विद्यार्थ्यांची पिशवी पोलिओ बरा करीत नव्हती. देहाला सावरावयास ती अवधी देत होती. आजचे व्हेंटिलेटरही न्यूमोनिया बरा करीत नाही. उलट, सुजलेल्या फुप्फुसात फार हवा कोंडली तर ते अधिकच दुखावते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे एका श्वासाला १२ मिलिलिटर हवा दिलेल्या रोग्यांपैकी शेकडा ४० दगावले. ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकी शेकडा ३१. ‘आणखी हवा द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, तो यासाठी.

आणि आपल्या माणसाला भेटावयास जाल तेव्हा तो बोलत नाही म्हणून घाबरू नका. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून आवाज फुटत नाही. ऐकू मात्र येत असू शकते. त्याच्यादेखत निराशेची कुजबुज नको. नाव घेऊन हाक मारावी, वार व वेळ सांगावी, घरचे वर्तमान सांगावे. चष्मा किंवा श्रवणयंत्र लागत असेल तर परिचारिकेस विचारून आणून द्यावे. शुद्धीवर असल्यास पाटी-पेन्सिल पुढे धरावी. पुष्कळदा त्याला तहान लागलेली असते. पाणी देता येत नाही. पण ओल्या बोळ्याने ओठ पुसू का, एवढे परिचारिकेस अवश्य विचारावे.