पांढऱ्या काविळीची बदलती अक्षरं

सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या गावात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले, की पहिला सल्ला मिळतो तो काविळीचं औषध देणाऱ्याचा. कुठे चुन्याच्या पाण्याने हात चोळून पिवळं पाणी उतरवून दाखवतात. कुठे गळ्यात माळ घालतात आणि ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात. कुठे देवडांगरीचे थेंब नाकात सोडतात. एकट्या परभणी जिल्ह्याची ही गोष्ट नाही, साऱ्या महाराष्ट्रात असे जाणकार आहेत. त्यांच्याकडे जाणारे बहुतेक लोक बरेही होतात. होणारच. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपली आपण ओसरते, आणि श्रेय माळेला जातं.

घोटाळा होतो तो ‘बी’च्या बाबतीत. हिपॅटायटिस बी, म्हणजे लोकांच्या तोंडची पांढरी कावीळ, पुष्कळदा डोळे पिवळे करतच नाही. बाई बाळंतपणासाठी नाव घालायला जाते, तरुण मुलगा शिबिरात रक्तदान करतो, कोणाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरतं, आणि तपासणीच्या कागदावर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असं उमटतं. परभणी जिल्ह्यातल्या माणसाचा ऑस्ट्रेलियाशी काय संबंध? अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना हे प्रथिन १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं, म्हणून ते नाव. ते या विषाणूचं बाहेरचं आवरण आहे, हे नंतर उलगडलं. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी आहे. भारतात हा आकडा तीन कोटींच्या घरात जातो आणि फक्त चीन आपल्या पुढे आहे. अमिताभ बच्चन त्यांच्यापैकी एक. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर त्यांना सुमारे दोनशे दात्यांचं रक्त चढवावं लागलं आणि त्यातून हा विषाणू आला. सुमारे दोन दशकांनी एका नेहमीच्या तपासणीत तो सापडला, तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. हे त्यांनी स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. इतकी वर्षं दुखणं नाही, खुपणं नाही. या आजाराची खरी भीती या शांतपणाचीच आहे.

हा विषाणू आहे तरी केवढा? माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात, याच्यात जेमतेम ३,२००. जागा इतकी कमी की त्याची चार जनुकं एकमेकांवर चढवून लिहिलेली आहेत. अक्षरांची तीच ओळ एका जागेपासून वाचली तर आवरणाचा मजकूर निघतो आणि दुसऱ्या जागेपासून वाचली तर नकला काढणाऱ्या विकराचा, म्हणजे पॉलिमरेजचा. यकृताच्या पेशीत शिरल्यावर विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात बंद कड्याच्या रूपात ठाण मांडतो. त्यावरून आधी आरएनए तयार होतो आणि त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहिला जातो. हे उलटं लेखन करणाऱ्या विकराला चुका तपासायची सोय नाही. मुद्रितशोधक नसलेल्या छापखान्यात रात्रंदिवस छपाई चालावी, तसा हा कारभार. एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला शंभर अब्जांहून अधिक कण तयार होऊ शकतात. बहुतेक चुकलेल्या प्रती वाया जातात, पण एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते.

अशी एक चूक २००९ साली पुण्यात तपासली गेली. त्या वर्षाच्या सुरुवातीला गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, काविळीची साथ उसळली. चारशेहून अधिक रुग्ण आणि ऐंशीहून अधिक मृत्यू. प्रौढांना नव्याने झालेल्या हिपॅटायटिस बीमध्ये इतकी माणसं सहसा दगावत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि डॉ. कविता लोळे यांच्यासारख्या संशोधकांनी तिथले नमुने तपासले. प्रसाराचं मूळ दवाखान्यांत सापडलं: नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरलेल्या सिरिंज. आणि मृत्यूंशी ज्याचा संबंध दिसला तो विषाणूच्या ‘प्रीकोअर’ आणि ‘बेसल कोअर प्रमोटर’ या भागांतल्या अक्षरबदलांचा. साध्या तापाला, अंगदुखीला एक सुई टोचून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, ही समजूत मराठवाड्यातही घट्ट आहे, त्यामुळे मोडाशाची कथा फार लांबची वाटू नये.

प्रीकोअरमधला बदल समजून घेण्याजोगा आहे, कारण तो डॉक्टरांनाही बरीच वर्षं चकवत होता. मूळ रूपातला विषाणू रक्तात ‘ई अँटिजेन’ नावाचं प्रथिन सोडतो. ते सापडलं तर विषाणू जोरात वाढतो आहे आणि नाहीसं झालं तर तो थंडावला, असा साधा हिशेब असे. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतले काही रुग्ण या हिशेबात बसेनात: ई अँटिजेन नाही, तरी यकृताला सूज आणि रक्तात विषाणू भरपूर. १९८९ साली उलगडा झाला. जनुकसंचातल्या १८९६व्या जागी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘ए’ आलं की तिथे थांब्याची खूण तयार होते आणि ई अँटिजेन बनणं अर्ध्यात तुटतं. विषाणूची वाढ मात्र चालूच राहते. भारतात आढळणाऱ्या मुख्य प्रकारांपैकी ‘डी’ प्रकारात हा बदल सहज टिकतो, ‘ए’ प्रकारात सहसा टिकत नाही. म्हणून आपल्याकडे ‘ई निगेटिव्ह’ एवढं वाचून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. रक्तातल्या विषाणूच्या डीएनएची मोजणी आणि यकृताची एएलटी ही तपासणी सोबत लागते. प्रमोटरमधले बदल यकृताच्या कर्करोगाचा धोकाही वाढवतात, त्यामुळे धोका असलेल्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

हे बदल विषाणूने आपल्या चालीने केले. दुसऱ्या एका बदलाला मात्र आपली औषधं कारणीभूत झाली.

डिसेंबर १९९८मध्ये अमेरिकेत लॅमिव्हुडिन ही हिपॅटायटिस बीवरची पहिली तोंडाने घ्यायची गोळी मंजूर झाली. त्याआधी होती ती इंटरफेरॉनची इंजेक्शनं, महाग आणि त्रासदायक. लॅमिव्हुडिन हे नकली अक्षर आहे. विकर ते खरं समजून साखळीत ओवतो आणि साखळी तिथेच तुटते. रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत टवटवीत दिसू लागले. पण विकराच्या २०४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आलं, की विकराच्या अक्षर बसवायच्या खाचेत लॅमिव्हुडिनला जागा उरत नाही, खरं अक्षर मात्र बसतं. असे बदललेले कण आधीपासूनच तुरळक असतात. गोळीने बाकीच्यांना दाबलं की त्यांना मैदान मोकळं मिळतं. एकट्या लॅमिव्हुडिनवर पाच वर्षं काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये असा विषाणू माजला. जनुकं एकमेकांवर लिहिलेली असल्यामुळे विकरातल्या या बदलाबरोबर आवरणातलंही एखादं अक्षर बदलतं, ही आणखी एक गुंतागुंत.

भारतात याला एचआयव्हीचा पदर आहे. १ एप्रिल २००४पासून सरकारने एचआयव्हीवरचे एआरटी उपचार मोफत सुरू केले. ज्या मोजक्या रुग्णालयांपासून सुरुवात झाली त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. त्या वेळच्या तीन औषधांत लॅमिव्हुडिन होतं. एचआयव्हीवर तिन्ही चालत, पण ज्याला सोबत हिपॅटायटिस बीही होता त्याच्या यकृतातल्या विषाणूसमोर लॅमिव्हुडिन एकटंच उभं असायचं. एका आजारावरचा तिहेरी मारा दुसऱ्या आजारासाठी एकेरी ठरला. पुढे टेनोफोव्हिर त्या उपचारात आलं आणि ही चूक मिटली.

टेनोफोव्हिरचा रेणू प्रागमधल्या अँतोनिन होली या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आला. हिपॅटायटिस बीसाठी त्याला २००८ साली मान्यता मिळाली. तो लहान आणि लवचीक असल्याने बदललेल्या खाचेतही मावतो. आठ वर्षं चाललेल्या पाहणीतही त्याला दाद न देणारा विषाणू ठामपणे सापडला नाही. एन्टेकॅव्हिर हे दुसरं दमदार औषध. नव्या रुग्णात त्याला पाच वर्षांनी जेमतेम एक टक्का प्रतिरोध होतो, पण आधी लॅमिव्हुडिन घेऊन विषाणू बदललेला असेल तर निम्म्या रुग्णांत ते निकामी ठरतं. म्हणून नवा डॉक्टर जुन्या चिठ्ठ्या मागतो, तेव्हा त्या शोधून द्याव्यात. भारतीय पेटंट कार्यालयाने २००९मध्ये टेनोफोव्हिरवरचा मक्तेदारीचा अर्ज फेटाळला आणि देशी कंपन्यांनी किंमत खाली आणली. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि ही गोळी मोफत आहे.

गोळीने विषाणू दबतो, जात नाही. केंद्रकातल्या त्या बंद कड्याला गोळी हात लावू शकत नाही. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली की काही आठवड्यांत विषाणू उसळतो, आणि आधीच कडक झालेलं यकृत हा तडाखा सोसत नाही. सोनपेठ, गंगाखेड, परळीच्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, मधेच तपासणीला म्हणून गावी यायचं तर खाडा पडतो. मग कोपीतल्या डब्यातली गोळ्यांची पाकिटं संपतात आणि रुग्ण म्हणतो, आता बरं वाटतंय, परतल्यावर बघू. ‘रोज एक गोळी’ हे शहरातल्या नोकरदाराला जितकं सोपं, तितकं ऊसतोड करणाऱ्याला नाही. निघण्याआधी हंगाम पुरेल एवढ्या गोळ्यांचं काय करायचं आणि फडाजवळचं उपचार केंद्र कोणतं, हे दोन प्रश्न त्याने जिल्हा रुग्णालयात विचारायलाच हवेत.

पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला मात्र गोळी लागत नाही. डीएनएची मोजणी, एएलटी, यकृत किती कडक झालं आहे आणि वय पाहून ते ठरतं. काहींना नुसती नियमित तपासणी पुरते. टेनोफोव्हिर चालू असताना मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहतात.

सर्वांत जास्त जपायचं ते नवजात बाळाला. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांतल्या पाचांहूनही कमी लोकांत तो जुनाट होतो, जन्माच्या वेळी झालेला शंभरांतल्या नव्वदांमध्ये. बाळाला वाचवते ती लस. पण आवरणाच्या १४५व्या जागी बदल झालेला, लशीला चकवणारा विषाणू १९९०मध्ये इटलीतल्या मुलांमध्ये सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि लस फोल ठरणार अशी धास्ती पसरली. तसं झालं नाही, लस आजही उत्तम काम करते. भारतात ती २०११पर्यंत देशभरच्या नियमित लसीकरणात आली. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा, सोबत शक्य तितक्या लवकर इम्युनोग्लोब्युलिन, आणि मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट. आईच्या रक्तात डीएनए मिलिलिटरमागे दोन लाख युनिटांवर असेल तर गरोदरपणातच तिला टेनोफोव्हिर सुरू करतात. प्रसूतीनंतर ती गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे तिच्या स्वतःच्या यकृताच्या तपासण्या पाहून ठरतं, आणि थांबवली तरी पुढचे काही महिने तिची एएलटी पुन्हा पुन्हा पाहावी लागते.